नाव घेतल्याशिवाय बोलायचं नाही

चिंचवड, ता. २४ जून १९५६

चि. सुमनवन्संना अनेक आशीर्वाद.

पाकिटावर तुमच्या नावामागे गं. भा. लिहायला हात उठला नाही, म्हणून ‘शिक्षिका, खडकमळा शाळा, पो. चऱ्होली’ एवढंच लिहिलं आहे. त्या वाडीत शिक्षिका एकच, तेव्हा पत्र चुकायचं नाही.

तुमचं पत्र पोचलं. तुमच्या दादांना ते आल्याचं मी अजून सांगितलेलं नाही. तुम्ही गेल्यापासून घरात तुमचं नाव एकदाच निघालं. मालोजीनं जेवताना विचारलं, “आत्या कधी येणार?” तर हे म्हणाले, “शाळाखात्याचा दिपोटी एकदा शाळा तपासून गेला की येईल. पोरं आवरणं म्हणजे घरात बसून पुस्तकं वाचणं नव्हे.” मी आमटी वाढली. त्यांचा राग नोकरीवर नाही हे तुम्हीही जाणता. नवरा गेलेल्या बहिणीला भावाचं घर पुरलं नाही असं लोक म्हणतील, त्याचा राग आहे. पिंपरीला यांच्या कारखान्यात कुणीतरी म्हणालंही म्हणे, “काय ज्योतीराव, बहिणीला कमवायला धाडलीत?” त्या दिवशी जेवणाचा डबा भरलेलाच परत आला.

आता तुमची अडचण. बिगारीचा वर्ग आणि पहिली मिळून पन्नासावर पोरं, बसायला मारुतीच्या देवळालगतची धर्मशाळा, कुणी घंटा वाजवली की सगळा वर्ग प्रसादाला पळतो, आणि ओरडून ओरडून तुमचा घसा बसला आहे. वर मला विचारता, काय करू?

वन्सं, मी मॅट्रिक झाले खरी, पण एक दिवस वर्गापुढे उभी राहिलेली नाही. तेव्हा शिकवण्याचं मला विचारू नका. पंगती मात्र पुष्कळ वाढल्या आहेत, त्यातलं सांगते. पंगतीत माणसं गलका कधी करतात? पान मांडलं आणि वाढपी आला नाही, तेव्हा. मीठ, लिंबू, चटणी पानात पडली की हात पानाकडे जातो आणि तोंड आपोआप मिटतं. तुम्ही हजेरी घेत असता, तेवढा वेळ पोरं रिकाम्या पानापुढे बसलेली असतात. दारातून आत येईल त्याला आधी पाटीवर काहीतरी काढायला लावा, मग हजेरी घ्या. आणि जो सगळ्यांत मोठ्यानं ओरडतो त्याला आधी वाढू नका, नाहीतर उद्या अख्खी पंगत ओरडेल.

इकडे सर्व ठीक. पाठ जरा धरते, ती पाणी भरण्यानं. तुम्ही असताना नदीवरची एक खेप तुमची असायची. हे लिहायचं नव्हतं, पण शाईनं लिहिलेलं खोडलं की कागद घाण दिसतो, म्हणून राहू देते.

मोरयाच्या पायाशी रोज तुमच्या नावानं एक दूर्वा वाहते.

तुमची वहिनी
रुक्मिणी


चिंचवड, ता. १६ जुलै १९५६

चि. सुमनवन्संना आशीर्वाद.

पाटीची युक्ती सकाळी चालते आणि मधल्या सुटीनंतर चालत नाही, असं लिहिलंत. भरल्या पोटी पंगतही ऐकत नाही. त्याला इलाज नाही.

हेडमास्तर बाळाजी मास्तरांनी तुम्हांला आपली जुनी छडी आणून दिली, आणि ती तुम्ही खिडकीत ठेवली आहे, हे वाचून मला जरा धसका बसला. मास्तर भले माणूस असतील. “बाई, मारू नका, नुसती दिसू द्या,” हे त्यांचं म्हणणंही खोटं नाही. पण दिसणारी गोष्ट एक दिवस हातात येते. आणि ती कुणाची आई, “बाई, मारा वो खुशाल, हाडं आमची, कातडं तुमचं,” म्हणाली, तिचंही ऐकू नका. मार बसल्यावर पहिली तीच भांडायला येईल.

दुसरी गोष्ट. सावळा नावाच्या मुलानं भर वर्गात विचारलं, “बाई, तुमी कुकू का न्हाई लावत?” आणि तुम्हांला उत्तर सुचलं नाही, तेवढ्यात वर्ग हातचा गेला. वन्सं, मूल जे विचारतं ते सरळ सांगून टाकावं. “माझे मालक वारले, म्हणून लावत नाही,” एवढं सांगायचं आणि पुढची बेरीज घालायची. लपवलं की ती रोज विचारतील. हे मी तुम्हांला सांगते आहे आणि इथं आळीतल्या बायकांनी “सुमनताई दिसत नाहीत?” म्हणून विचारलं तर “कऱ्हाडला पाहुण्यांकडे गेल्यात” म्हणून सांगते, हे तुम्ही मनात म्हणाल. म्हणा.

यांनी परवा आपणहून विचारलं, “चऱ्होलीकडे पाऊस कसा आहे?” मी म्हटलं, “मला काय ठाऊक?” त्यावर म्हणाले, “पोस्टमन माझ्याशी बोलतो, रुक्मिणी.” मग सायकल काढून कामावर गेले. म्हणजे ठाऊक आहे. पण पत्र दाखव म्हणाले नाहीत, मीही दाखवलं नाही.

आवाज हळू ठेवा. तुमचा आवाज चढला की त्यांचा चढतो.

रुक्मिणी


चिंचवड, ता. ६ ऑगस्ट १९५६

चि. सुमनवन्सं,

तुमचं चार ओळींचं पत्र वाचून जेवण गेलं नाही. “वहिनी, मी हरले, राजीनामा लिहून ठेवला आहे,” असं कुणी लिहितं का? तो कागद आधी चुलीत घाला.

श्रावण आला. शनिवारी त्या मारुतीला अख्खी वाडी लोटेल, घंटा थांबायची नाही, आणि तुमची पोरं नारळाच्या मागे धावतील. हे सगळं खरं. पण एक विचार करा. ही पोरं तुम्हांला भीत नाहीत, छडीला भीत नाहीत, मग भितात कुणाला? तुम्हीच मागं लिहिलं होतंत की खेळताना भांडण झालं आणि एकानं “विद्येशपथ” म्हटलं की भांडण तिथं मिटतं. म्हणजे शपथ मानतात. आमच्या आईनं मला लहानपणी दिवाळीच्या डब्याला हात लावणार नाही म्हणून गणपतीची शपथ घातली होती. डबा हाताशी असून मी कधी उघडला नाही.

तेव्हा असं करा. सगळ्या पोरांना एका सकाळी देवळाच्या अंगणात उभं करा, मारुतीकडे तोंड करून. मुलींनाही. प्रत्येकानं पाटी कपाळाला लावायची आणि म्हणायचं, “शाळा चालू असताना बाईंनी नाव घेतल्याशिवाय मी बोलणार नाही, जागचा उठणार नाही. विद्येशपथ, मारुतीशपथ.” एवढंच. हात उगारायला नको की घसा फोडायला नको. देवाचं काम देव करील.

यात मला काही वावगं दिसत नाही. पूजेला बसताना आपणही संकल्प सोडतोच की. भजनी मंडळातल्या अंबुबाईंना नाव न सांगता विचारलं, त्याही म्हणाल्या, “देवाच्या दारात शब्द दिला की माणूस सुधारतंच.”

करून बघा आणि लगेच लिहा.

रुक्मिणी


चिंचवड, ता. २६ ऑगस्ट १९५६

चि. सुमनवन्संना अनेक आशीर्वाद.

देव पावला! श्रावणी शनिवारी घंटा वाजत असताना एक पोर जागचं हललं नाही, बाळाजी मास्तर दारात येऊन बघत राहिले आणि म्हणाले, “बाई, काय मंत्र घातलात?” हे मी तीनदा वाचलं. वाडीतले लोक तुमच्या वर्गाला ‘देवळापरीस शांत’ म्हणतात, त्याचाही मला फार आनंद झाला. मंगळवारी मोरयाला नारळ फोडला, तुमच्या नावाचा.

खरं सांगायचं तर आनंदाबरोबर थोडं रितंही वाटलं. तुमचं तिथं बस्तान बसलं म्हणजे बसलं. कोनाड्यातली तुमची पुस्तकं काढून मी तिथं मालोजीचं दप्तर ठेवलं. पुस्तकं नीट बांधून ठेवली आहेत, कुणी येणारं असलं तर त्याच्या हाती पाठवीन.

तुम्ही लिहिता, मुलं हसत नाहीत, प्रश्न विचारला तरी नाव घेईपर्यंत नुसती बघत राहतात, आणि बिगारीतल्या गवरानं बाहेर जायचं विचारायला तोंड उघडलं नाही म्हणून जागीच ओलं केलं. लहान आहे, होतं असं. चार दिवसांनी सवय होईल. इतकी मेहनत करून मिळालेली शांतता असल्या बारीक गोष्टींसाठी मोडू नका.

यांना मी मोघम सांगितलं, “वन्संचा वर्ग आता चांगला चालतो म्हणे.” हे म्हणाले, “दिपोटी येऊ दे.” दुसरं बोलणंच नाही.

रुक्मिणी


चिंचवड, ता. १८ सप्टेंबर १९५६

सुमनवन्सं,

तुमचं पत्र परवा आलं आणि पोस्टमननं ते यांच्याच हातात दिलं. हे ओट्यावर दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच, आणि सगळं पत्र उभ्यानं वाचलं. मग मला दिलं. म्हणून आता लपवाछपवी संपली आहे, आणि मीही सरळ लिहिते.

दिपोटीसाहेब न कळवता आले. तुम्ही पोरांना सुचवू नये म्हणून तुम्हांला ओसरीवर उभं केलं आणि स्वतः प्रश्न विचारले. “तू सांग.” सावळा उभा राहिला आणि ओठ दाबून बघत राहिला. “बरं, तू.” तोच प्रकार. गवरा रडायला लागली, पण तोंड उघडलं नाही. साहेब म्हणाले, “बाई, मुलं मुकी आहेत का?” तुम्हांला बाहेर कळत होतं की नाव घेतल्याशिवाय ती बोलायची नाहीत, म्हणून तुम्ही दारातून हाक मारलीत, “सावळा, सांग रे!” आणि साहेब उलटले, “बाई, बाहेरून खुणा करू नका.” शेरा काय पडला तो यांनी मला वाचून दाखवला: मुलांस काही येत नाही, शिक्षिका बाहेरून सुचविण्याचा प्रयत्न करतात, दिवाळीपूर्वी पुन्हा तपासणी, सुधारणा न दिसल्यास नेमणूक पुढे चालू ठेवू नये.

येत असून येत नाही म्हणून लिहिलं गेलं, आणि खोटेपणाचा डाग लागला तो वर.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलं आहे, “वहिनी, मी परत यावी म्हणून तर तुम्ही हे सांगितलं नाहीत ना?” यांनी ती ओळ वाचून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना जे सांगितलं तेच तुम्हांला लिहिते. सल्ला मी खऱ्या मनानं दिला. पण तुम्ही परत याव्यात असं मनात कधीच आलं नाही का, असं विचाराल, तर ‘नाही’ म्हणून मला लिहिता येत नाही. नदीवरून घागर आणताना रोज आलं. दुपारी तुम्हांला व्याकरण शिकवायची तो वेळ आता डाळ निवडण्यात जातो, तेव्हाही आलं. आणि मॅट्रिक मी, वर्गापुढे तुम्ही, हेही एकदोनदा आलं. यांतलं काहीही शपथेत नव्हतं. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

आता यांचं ऐका. मला वाटलं म्हणतील, आणा परत. तसं म्हणालेही. “येऊ दे आता. सांगितलंच होतं मी.”

मी म्हटलं, “खोटं करणारी म्हणून येऊ द्यायची?”

“शपथ घालायचं डोकं कुणाचं?”

“माझं.”

हे उरलेली दाढी करता करता म्हणाले, “पोरं मात्र पक्की आहेत. दिपोटीला भ्यायली नाहीत.” आणि मग रागावल्यासारखे, “पण माझ्या बहिणीनं कुणाला खुणा केल्या नसतील. लहानपणी गोट्यांत हरायची, पण रडी खेळायची नाही.”

साहेबांना खरं का सांगितलं नाहीत, हे मी विचारत नाही. पोरांना देवाची शपथ घातली म्हटल्यावर त्यांनी आणखी काय लिहिलं असतं कुणास ठाऊक.

आता तुम्ही पोरांना “शपथ संपली, बोला” म्हणून सांगितलंत तरी ती बोलत नाहीत, आणि त्यांच्या आया म्हणतात, देवाची आण बाईच्या सांगण्यानं कशी सुटेल, पोराला काही झालं तर? गुरवाच्या पुतळाबाईंनी काय सांगितलं ते यांनी दोनदा वाचलं: “आण ज्येनं घालाया सांगितली त्येनंच येऊन सोडवाया पायजे. तुमच्या वयनीला हितं हुबी करा.”

मी येते. कधी आणि कशी ते यांना विचारून कळवते.

रुक्मिणी


चिंचवड, ता. २ ऑक्टोबर १९५६

चि. सुमनवन्संना अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. अंग अजून दुखतं आहे. सायकलच्या मागे बसून मोशीचा तो रस्ता आणि तो चिखल, पुन्हा म्हणून बसायची नाही.

तुम्हांला एक सांगायचं राहिलं. मी “आळंदीच्या टांग्यानं आले, फाट्यावरून चालत” म्हटलं ते खरं नव्हतं. मला यांनीच आणलं. वाडीच्या अलीकडे ओढ्याशी थांबले आणि म्हणाले, “तू जा. मी इथं बसतो. मी आल्याचं सांगू नको.” म्हणून सांगितलं नाही.

अंगणात मी नारळ ठेवला. इतकी पोरं, एकाचा आवाज नाही, सगळी माझ्या तोंडाकडे बघतायत. अशी शांतता मी मयताच्या घरीच पाहिली आहे. तुम्ही हे दीड महिना रोज पाहिलंत, आणि मी पत्रात ‘सवय होईल’ म्हणून लिहीत होते. मी “सुटली” म्हटलं ते माझं मलाच ऐकू आलं नाही, तर पुतळाबाई म्हणते, “मोठ्यानं म्हना की वो बाई. घंटा ऐकून ऐकून देवाला कमी ऐकू येतंय!” पोरांतलं कुणीतरी फिसकन हसलं. मग मी ओरडून म्हटलं, आणि पुढे जो कल्लोळ झाला तो देवानं नक्की ऐकला असेल.

माझे सल्ले आता संपले. पण त्या दिवशी मागे भिंतीला टेकून तुमचा वर्ग पाहिला, त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. वर्गात बसताच तुम्ही प्रसाद आणायच्या पाळ्या लावून दिल्यात. मग देवळात घंटा झाली. सगळ्यांनी माना वळवल्या. मी मनात म्हटलं, झालं, पळाली आता. तुम्ही फळ्यावरून मागे न बघता म्हणालात, “आज पाळी कुणाची?” गवरा उठली, गेली, आणि ओंजळभर खोबरं घेऊन परत आली. एकही दुसरं पोर उठलं नाही, कारण उद्या आपलीही पाळी आहे हे प्रत्येकाला ठाऊक. आणि मग तुम्ही विचारलंत, “तुकडे इतके, तोंडं इतकी. कसं करायचं?” सगळा वर्ग एकदम बोलायला लागला. सावळा म्हणाला, “बाई, मोठ्या तुकड्याचं दोन करा!” कुणी म्हणालं, “बारक्यांना आदी द्या!” एक पोरगं बोटं मोजून संपली म्हणून शेजाऱ्याची बोटं मोजायला लागलं.

हे तुम्हांला कुणी सांगितलं? मी तर नाही. मी सांगितलं असतं तर गवराला जागीच बसवली असती.

मला आधी वाटलं हा दंगाच आहे. मग ऐकलं तर सगळी एकाच गोष्टीवर बोलत होती. भाकरी थापताना आवाज होतोच, वन्सं. आवाज बंद झाला की सासूबाई विचारायच्या, “पीठ संपलं का गं?” फक्त एक वाटतं, ते खिडकीतले दोघे सारखे बाहेर बघतात, त्यांना पुढे घ्या. सल्ले संपले म्हणून लिहिलं आणि हा एक निघालाच.

ओढ्याशी परत आले तर हे उभे होते. म्हणाले, “तो आरडाओरडा कसला? मारामारी झाली?”

“पोरं बोलायला लागली.”

“किती आहेत?”

“पन्नासावर.”

“आणि मास्तर किती त्यांना?”

“वन्सं एकट्या. बाळाजी मास्तरांकडे वरचे वर्ग आहेत.”

मोशीपर्यंत आलो. मग पायडल मारता मारता म्हणाले, “माझ्या हाताखाली सहा हेल्पर आहेत. त्यांतले दोन ऐकत नाहीत.” घरापर्यंत एवढंच.

दुसऱ्या तपासणीला ओसरीवर उभं केलं तर उभ्या राहा. हाक मारू नका. जे येतं ते पोरं सांगतील, न येणारं नाही सांगायची. मी तेवढे दिवस एकभुक्त राहणार आहे. तुमच्यासाठी म्हणून नाही, माझ्यासाठी. तुम्ही नीट जेवत जा.

रुक्मिणी


चिंचवड, ता. २८ ऑक्टोबर १९५६

चि. सुमनवन्संना अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र काल संध्याकाळी मिळालं. या वेळी पोस्टमननं माझ्या हातात दिलं, पण मी उघडलं नाही. हे कामावरून आले, हातपाय धुतले, तेव्हा त्यांच्यापुढे ठेवलं. म्हणाले, “तूच वाच. माझा चष्मा नाही.” त्यांना चष्मा नाहीच मुळी.

मी मोठ्यानं वाचलं. साहेबांनी तुम्हांला पुन्हा ओसरीवर उभं केलं इथवर आले तेव्हा हे म्हणाले, “पुढं.” साहेबांनी सावळाला विचारलं, “सात पेरू आणि चौघे भाऊ, तर प्रत्येकाला किती?” आणि तो म्हणाला, “पेरू लहान की मोठं?” इथं हे हसले. साहेब म्हणाले, “सारखेच.” तर तो म्हणाला, “मंग येकेक खायाचा आणि तीन आईला ठिवायचं,” आणि मागून कुणी ओरडलं, “न्हाई सायेब, तिनाचं भाग करा!” आणि मग सगळीच बोलायला लागली, साहेबांना बोलायला जागा उरली नाही. मी वाचता वाचता थांबले, कारण तुम्हीच लिहिलं होतंत, “वहिनी, मी बाहेर डोळे मिटून उभी होते. वाटलं, मागच्या वेळी मुक्यानं गेले, आता आवाजानं जाणार.” हे म्हणाले, “थांबलीस कशाला? पुढं वाच!”

शेरा वाचला: “वर्गात आवाज बराच. मुले विचार करून उत्तरे देतात. मागील शेऱ्यातील सुचविण्याबाबतचा मजकूर रद्द. नेमणूक पुढे चालू ठेवावी.”

मी पदर डोळ्यांना लावला. हे उठले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “‘आवाज बराच’ हे लिहायची काय गरज होती? पन्नास पोरं काय कुजबुजतील? ह्या दिपोटीला एक दिवस बसवा म्हणावं तिथं.” आणि बराच वेळ त्या एका वाक्यावरून भांडत होते, जणू साहेब आमच्या स्वयंपाकघरात बसले आहेत.

जेवताना मी म्हटलं, “वन्संना दिवाळीची सुट्टी असेल. भाऊबीजेला बोलवायचं ना?”

यांनी भात संपवला. ताक प्यायले, हात धुतले. मला वाटलं, अजून नाही. मग दाराशी जाऊन म्हणाले, “ती कशाला येईल?”

मी काही बोलणार, तोवर म्हणाले, “इतकी वर्षं ती आपल्या घरात होती म्हणून ओवाळणं इथं व्हायचं. आता तिची खोली आहे ना तिथं? मग भावानं बहिणीच्या घरी जायचं असतं. रीत आहे.”

मी म्हटलं, “लोक म्हणतील, विधवा बहिणीनं सगळ्या वाडीदेखत ओवाळलं.”

“म्हणू देत. मला एकच बहीण आहे.”

तेव्हा हे पत्र त्यांच्या सांगण्यावरून आहे. रविवारी, भाऊबीजेला, ते सकाळी निघतील आणि जेवायला तुमच्याकडे असतील. मी येत नाही, मुलंही येत नाहीत. पहिल्या खेपेला त्यांनी एकट्यानंच यावं असं मला वाटतं. करंज्या आणि कडबोळी इथून देते, तुम्ही तळणाच्या भानगडीत पडू नका. वरणभात आणि एखादी भाजी पुरे. तुम्हांला ठाऊक आहे, त्यांना वांगं चालतं, भोपळा चालत नाही.

आत्ता हे पाठीमागून विचारतात, तिच्याकडे बसायला पाट आहे का? नसेल तर इथला सायकलला बांधून नेतो म्हणतात. एवढ्या लांब पाट बांधून नेणारा भाऊ मी तरी पाहिलेला नाही, पण दोरी आत्तापासून शोधून ठेवली आहे. तेव्हा पाट आहे की नाही, ते उलट टपाली कळवा.

तुमची
रुक्मिणी